आर्चेस नॅशनल पार्कमध्ये वयस्कर आई-वडील आणि लहान मुलीला घेऊन कोणत्या पायवाटेने जावे?

आपण लिहिले आहे की मेअखेरीस युटामधील आर्चेस नॅशनल पार्क पाहण्यासाठी आपल्याकडे एकच दिवस आहे, भारतातून आलेले सत्तरीतले आई-वडील आणि सहा वर्षांची मुलगी सोबत आहेत, आणि ‘डेलिकेट आर्च’ या प्रसिद्ध नैसर्गिक दगडी कमानीपर्यंत चालत जावे की नाही याविषयी घरात एकमत होत नाही. मी कोलोरॅडोत राहत असल्यामुळे घरी येणाऱ्या पाहुण्यांना त्या भागात नेण्याचे काम माझ्याकडेच असते. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की सर्वांनी मिळून डेलिकेट आर्चला जाऊ नये. त्याऐवजी सकाळचा सगळा वेळ ‘द विंडोज’ या भागाला द्यावा.

डेलिकेट आर्च युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर झळकते आणि त्यामुळे ती पाहिली नाही तर सहल वाया गेली, असे अनेकांना वाटते. परंतु तिथे जाऊन येण्याचे अंतर सुमारे ४.८ किलोमीटर आहे, चढ ४८० फुटांचा आहे, वाटेचा मोठा भाग तिरक्या उघड्या कातळावरून जातो आणि सावली जवळजवळ नाही. कमानीच्या अगदी अलीकडे वाट कड्याच्या कडेने जाते, आणि तिथे एका हाताने मुलीला व दुसऱ्या हाताने आईला धरून चालणे मला तरी योग्य वाटत नाही. ती कमान पाहायचीच असेल, तर गाडीने ‘लोअर व्ह्यूपॉइंट’ला जावे, तिथे सपाट वाटेने काही पावले चालले की ती साधारण मैलभर अंतरावरून दिसते. एवढ्या लांबून ती लहान दिसते, म्हणून दुर्बीण असल्यास सोबत ठेवावी.

‘द विंडोज’ व्हिजिटर सेंटरपासून सुमारे १२ मैलांवर आहे. गाडीतळापासून निघणारी खडीची, मधूनमधून दगडी पायऱ्या असलेली वाट नॉर्थ विंडो, साउथ विंडो आणि टरेट आर्च या तीन कमानींना वळसा घालून परत येते. ही फेरी दोन किलोमीटरच्या आतबाहेर आहे. पायऱ्या चढताना वडिलांना दोनदा थांबावे लागले तरी काही बिघडत नाही, कारण प्रत्येक थांब्यावर पाहण्यासारखे काहीतरी समोर असतेच. कमानींच्या मागच्या बाजूने परतणारी ‘प्रिमिटिव्ह ट्रेल’ मात्र खडबडीत असल्याने आई-वडिलांनी आल्या वाटेनेच परतावे. तिथून जवळच असलेली डबल आर्च अजिबात चुकवू नये. जाऊन-येऊन जेमतेम एक किलोमीटरच्या सपाट वाटेच्या शेवटी, एकाच पायावर टेकलेल्या दोन प्रचंड कमानी उभ्या आहेत. मोठ्या कमानीची उंची ११२ फूट आणि रुंदी १४४ फूट आहे. फोटोवरून या आकाराची कल्पना येत नाही. तिच्या खाली उभी असलेली माणसे दिसली की येते.

या भागाचा आणखी एक लाभ असा की कमानी कशा घडतात हे इथे मुलीला प्रत्यक्ष दाखवता येते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथे असलेला समुद्र आटत गेला आणि मिठाचे जाड थर मागे राहिले. त्यांच्यावर पुढे हजारो फूट गाळ साचला, आणि त्या दाबाखाली मीठ मळलेल्या कणकेसारखे सरकून काही ठिकाणी वर उचलले गेले. वरचा वालुकाश्म त्यामुळे समांतर रेषांत तडकला, तडे रुंदावत गेले आणि मधे उभ्या, पातळ भिंती उरल्या. या भिंतींच्या तळाशी मऊ, लाटांसारखा वळलेला थर दिसतो. पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी वाळूचे कण बांधून ठेवणारे चुनखडीयुक्त द्रव्य विरघळवते, हिवाळ्यात फटींतले पाणी गोठून फुगते, आणि मऊ थर आधी झिजल्याने भिंतीला आरपार भोक पडते. आपल्या वडिलांनी जुन्नर तालुक्यातील गुळुंचवाडीजवळचा नैसर्गिक पूल पाहिला असेल, तर त्यांना फरक लगेच कळेल: तिथे बेसॉल्टमधून ओढ्याने वाट काढली आहे, तर इथल्या बहुतेक कमानींखालून प्रवाह कधी वाहिलाच नाही. किमान तीन फुटांचे भोक असेल तरच कमान म्हणून नोंद होते, आणि अशा दोन हजारांहून अधिक कमानी या पार्कमध्ये आहेत. त्यांची पडझडही चालूच असते. वॉल आर्च २००८ मध्ये कोसळली.

मुलीला एक गोष्ट आधीच समजावून ठेवावी. वाटेबाहेर जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो, तो सूक्ष्मजीवांनी विणलेला जिवंत थर आहे आणि एका पावलाने मोडला तर भरून यायला कित्येक वर्षे लागतात. तिला मनसोक्त बागडायचे असेल तर सॅण्ड ड्यून आर्चला न्यावे. दोन उंच भिंतींमधल्या अरुंद फटीतून गेल्यावर आत मऊ वाळूचे अंगणच आहे, बराच वेळ सावली असते, आणि चालणे अगदी थोडे आहे.

वेळेचे म्हणाल तर सात वाजण्यापूर्वी पार्कमध्ये शिरावे, कारण विंडोजचा गाडीतळ सकाळीच भरतो. गर्दीच्या महिन्यांत काही वर्षे प्रवेशाच्या वेळेचे आरक्षण सक्तीचे होते. हे नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळ पाहावे. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, आणि आपल्याकडची वडीलधारी मंडळी स्वच्छतागृहाच्या चिंतेने पाणी पिणेच टाळतात. त्यांना आधीच सांगावे की विंडोजच्या गाडीतळावर सोय आहे. चपलांऐवजी बूट घालायला लावावेत, त्यावरून थोडा वाद झाला तरी चालेल.

अकरानंतरही सर्वांत उत्साह उरला असेल, तरच डेव्हिल्स गार्डनमधील लँडस्केप आर्चकडे वळावे. ही कमान तब्बल ३०६ फूट लांब आहे, आणि १९९१ मध्ये तिच्यातून सुमारे ६० फुटांचा थर कोसळला. आता तिच्या खाली जाणे बंद आहे. वाट चांगली आहे, पण जाऊन-येऊन तीन किलोमीटर चालावे लागते, म्हणून आई-वडिलांपैकी जे थकले असतील त्यांना वाटेतल्या पाइन ट्री आर्चपर्यंतच नेऊन परत आणावे. पिण्याचे पाणी व्हिजिटर सेंटर सोडल्यास डेव्हिल्स गार्डनमध्येच मिळते आणि खाण्याचे पदार्थ पार्कमध्ये कुठेच विकत मिळत नाहीत, त्यामुळे दशम्या-चटणीचा डबा पार्कजवळच्या मोआब गावाहून निघतानाच गाडीत असू द्यावा.