बाईंची वही माझ्याकडे आली आहे

प्रश्न : आमच्या मंडळीत १८ वर्षं गायन शिकवणाऱ्या बाई ऑगस्टमध्ये प्रभूच्या घरी गेल्या. नाताळची गाणी बसवायचं काम पाळकसाहेबांनी माझ्यावर सोपवलंय. मी २६ वर्षांचा, पतसंस्थेत नोकरी करतो. बाईंची वही माझ्याकडे आली, पण त्यांचा कान काही आला नाही. यादीत १४ नावं, सरावाला येतात पाच-सहा. तरुणांना गिटार हवी, मोठ्यांना पेटी-तबला. तबल्यावरचा मुलगा तयारीचा आहे, पण ख्रिस्ती नाही म्हणून दोघातिघांनी नाकं मुरडली. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, राहुरी तालुका

उत्तर : तुला अरे-तुरे करते, माझ्या धाकट्याच्या वयाचा आहेस. आधी बाईंसाठी दोन दिवस रडून घे. ते राहून गेलं असेल, असं पत्रावरून वाटलं.

सराव ठरल्या वेळेला सुरू कर. पाच आले तर पाचांनिशी. वाट बघत बसलास की वेळेवर येणाऱ्यांना शिक्षा होते आणि पुढच्या आठवड्यात तेही उशिरा येतात.

आता कानाचं सांगते. मी नगरला मिशनच्या वसतिगृहात वाढले. आमच्या बाई दिवसा गणित शिकवायच्या, संध्याकाळी गाणं. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलं की पेटी लगेच वाजायची नाही. आधी ओळी नुसत्या म्हणायच्या, तळहात तोंडासमोर धरून. ‘भक्ती’ म्हणताना ‘भ’चा वारा हाताला लागला पाहिजे, पण फुंकर बसता कामा नये. ‘ख्रिस्त’ हा शब्द तर आम्ही आठवडाभर घोटला असेल. वीस पोरी गायला लागल्या की प्रत्येकीचा ‘स्त’ वेगळ्या वेळी पडायचा आणि देवळात नुसती सळसळ ऐकू यायची. बाई दोन बोटं वर करायच्या आणि ती मिटली की सगळ्यांचा शब्द एकदम मिटायचा. ती दोन बोटं मला अजून दिसतात.

एका नाताळला माझं एकटीचं कडवं होतं. चार दिवस आधी बाई म्हणाल्या, “आज तू गायचं नाहीस. शेवटच्या बाकावर बस आणि कोणता शब्द कळला नाही ते लिहून आण.” मला वाटलं, कडवं गेलं. रडत रडतच लिहायला बसले. सात शब्द निघाले, आणि त्यातले तीन मीही रोज तसेच गात होते! कडवं माझंच राहिलं. पण गाणाऱ्याला स्वतःचं गाणं ऐकू येत नाही, हे मला त्या बाकावर कळलं. तुझ्या बाईंचा कान असाच कुठल्यातरी मागच्या बाकावर तयार झाला असणार. म्हणून दर सरावाला एकाला मागे बसव. तुझी पाळीही लाव.

गिटार की पेटी यावर भांडण नको. बघायचं ते शब्दाचं वजन. आपल्याकडे पूर्वी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेली पुष्कळ गीतं गायली जायची. चालीचा जोर पहिल्या अक्षरावर आला की ‘कृपा’ची ‘क्रूपा’ होते. कवी नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी अशा आपल्या घडणीत गीतं लिहिली, म्हणून ती आजीच्याही तोंडी बसली. गिटारवर ऱ्हस्व-दीर्घ जागेवर राहत असतील तर गिटार घे. अभंगाला मात्र मी तबला आणि टाळच घेईन, ही माझी आवड समज.

तबल्याच्या मुलाला सोडू नकोस. याच बाबतीत मला कळकळीने सांगायचंय. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढे नगरच्या त्यांच्या घरी त्र्यंबक ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, राहायला होते. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखं वागवलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत, तरी त्या घरातली त्यांची जागा गेली नाही. नाकं मुरडणाऱ्यांना तू उत्तर देऊ नकोस, पाळकसाहेबांना बोलू दे. तू त्या मुलाला गीताचा अर्थ समजावून सांग आणि सराव संपल्यावर सगळ्यांबरोबर चहाला बसव.

बाईंच्या वहीची झेरॉक्स काढून मूळ वही कपाटात ठेव. झेरॉक्सवर पेन्सिलीने श्वासाच्या जागा मांड. बाईंचा श्वास जिथे पुरायचा तिथे तुझ्या मुलांचा पुरेलच असं नाही, तिथे खूण बदल, त्यांना राग येणार नाही. आणि या नाताळला एक गाणं तू बसवू नकोस. त्या पाच-सहांतल्या सगळ्यात लहान मुलीकडे किंवा मुलाकडे दे आणि तू ओळीत उभा राहून गा. तिने चूक केली तर सगळ्यांसमोर सांगायचं नाही, सायकल काढताना सांगायचं. आमच्या बाई तसंच करायच्या.

नाताळच्या आधीच्या रविवारी शेवटच्या बाकावर कोण बसलं होतं आणि त्याच्या कागदावर किती शब्द निघाले, ते मला जरूर लिही.