न झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तावर सही मागतात

प्रश्न : मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आमच्या तालुक्याच्या गावी फार्मसी कॉलेज आहे. तिथल्या प्राणी-प्रयोग एथिक्स कमिटीवर ‘सामाजिक जाणीव असलेला, विज्ञानाबाहेरचा सदस्य’ म्हणून माझे नाव आहे. सुरुवातीला एका बैठकीला बोलावले. नंतर शिपाई इतिवृत्त घरी घेऊन येतो आणि मी सही करतो. अशा दोन सह्या झाल्या. परवा आलेल्या कागदावर मागच्या महिन्याची तारीख आहे. सशांवर एका हर्बल क्रीमची चाचणी मंजूर केल्याचे त्यात लिहिले आहे. कागद अजून माझ्याकडेच आहे. प्राचार्य माझेच विद्यार्थी. सही केली तर मी अडकेन का? की राजीनामा देऊन मोकळा होऊ?

उत्तर : सर, कागद तुमच्याकडेच राहिला हे फार बरे झाले. सही करू नका. राजीनामाही देऊ नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही गेलात तर दुसरे कोणीतरी येईल आणि शिपाई त्यांच्या घरी जाऊ लागेल. बाकी काही बदलणार नाही.

आधी तुमच्या धास्तीबद्दल. प्राण्यांशी क्रूरतेला प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्याचे चौथे प्रकरण प्रयोगांविषयी आहे. त्यात एथिक्स कमिटीच्या सदस्याला शिक्षा सांगणारे कलम नाही. कलम २० मध्ये दंड आहे, पण तो केंद्रीय समितीने (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती) दिलेला मनाईचा आदेश किंवा घातलेली अट मोडली तर. तो किती? जास्तीत जास्त २०० रुपये. आजच्या घडीला हा दंड म्हणजे थट्टाच आहे. शिवाय संस्थेत असे घडले तर दोषी धरायचे ते संस्थाप्रमुखाला, तुम्हाला नव्हे.

मग सहीला एवढे महत्त्व का? कलम ११ मध्ये प्राण्यांना मारहाण, उपासमार, अनावश्यक यातना हे सगळे गुन्हे आहेत, पण त्याच कलमात चौथ्या प्रकरणातल्या बाबी वगळल्या आहेत. रस्त्यावर सशाच्या डोळ्यात कोणी काही घातले तर तो गुन्हा. प्रयोगशाळेत तेच ‘संशोधन’ ठरते. हा फरक टिकतो तो प्रयोग कॉलेजच्या एथिक्स कमिटीसमोर नीट मांडला गेला, तपासला गेला आणि मंजूर झाला या गृहीतकावर. तुमची सही त्या गृहीतकाचा एक खांब आहे. केंद्रीय समितीच्या कार्यपद्धतीप्रमाणे निर्णय बैठकीतच घ्यायचा असतो. प्रस्ताव घरोघर फिरवून सह्या गोळा करायच्या नसतात. बैठकीला किमान सहा सदस्य हवेत आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी हजर हवाच. तुम्ही प्रत्येक बैठकीला असलेच पाहिजे असे नाही. वर्षातून किमान एकदा मात्र असायला हवे. म्हणजे एखाद्या बैठकीला तुमची गैरहजेरी चालते, पण गैरहजर असून हजर असल्याची सही चालत नाही.

याला फोर्जरी, म्हणजे बनावट दस्त करणे, म्हणता येईल का, असेही तुमच्या मनात असेल. मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यातला फरक उलगडून सांगितला आहे. स्वतःच्या नावाने केलेल्या दस्तातला मजकूर खोटा आहे, एवढ्यानेच तो बनावट दस्त होत नाही. तुमच्या नावाची सही दुसऱ्याच कोणी केली, तर मात्र प्रकरण फौजदारी होते. म्हणून जुनी दोन इतिवृत्ते एकदा डोळ्यांखालून घाला. त्यांवरच्या सह्या तुमच्याच आहेत ना, आणि तुम्हाला माहीत नसलेले तिसरे इतिवृत्त फाइलमध्ये नाही ना, एवढे तपासा.

आता क्रीम. ते चेहरा उजळण्यासाठी असेल तर ते सौंदर्यप्रसाधन ठरते, आणि सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे. तीच बंदी पुढे सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० मध्येही आली. अशा प्रस्तावाला कोणतीच समिती मंजुरी देऊ शकत नाही, मग बैठक खरी असो की खोटी. पण तेच क्रीम जखम भरण्याचे मलम म्हणून मांडले तर ते औषध होते आणि ही बंदी त्याला लागत नाही. ‘हर्बल’ हा शब्द दोन्हीकडे बसतो, म्हणून शीर्षकावर जाऊ नका. फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, मागा. संशोधकाला त्यात उद्देश, प्राण्यांची संख्या आणि तिचे समर्थन, पर्यायी पद्धत का चालत नाही, भूल कोणती देणार, प्रयोगानंतर प्राण्याचे काय होणार, हे सगळे लिहावे लागते. ‘प्रयोगानंतर’चा रकाना आधी वाचा. नियमांप्रमाणे नंतरची देखभाल आणि पुनर्वसन ही संशोधकाची जबाबदारी आहे. प्राणी पांगळा झाला, सतत वेदनेत राहिला किंवा इतरांना धोका ठरला, तरच त्याला मारता येते. तिथे नुसते ‘यूथनेशिया’ (वेदना न देता मारणे) एवढेच लिहिलेले असेल, तर विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. तुमची जागा ठेवली आहे ती अशाच प्रश्नांसाठी.

प्राचार्यांना आजच पत्र द्या, साध्या भाषेत : ‘अमुक तारखेच्या बैठकीची सूचना मला मिळालेली नाही व मी बैठकीस हजर नव्हतो, म्हणून सोबतचे इतिवृत्त सही न करता परत करीत आहे. यापूर्वी अमुक व अमुक तारखांच्या इतिवृत्तांवर मी बैठकीस हजर नसताना सह्या केल्या, त्या माझ्या उपस्थितीचा किंवा संमतीचा पुरावा मानू नयेत. सशांच्या प्रस्तावाचा फॉर्म बी पाहण्यास द्यावा व रीतसर बैठक बोलवावी.’ परत देण्याआधी कागदाचा फोटो काढून ठेवा. पत्राची पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. त्याची प्रत केंद्रीय समितीच्या प्रतिनिधीला द्या, त्यांचे नाव समितीच्या यादीत असते.

तुमचे नियुक्तिपत्रही एकदा काढून बघा. विज्ञानाबाहेरचा सदस्य केंद्रीय समिती नेमते, कॉलेज नाही. नाव कॉलेजने सुचवले असेल, पण तुम्हाला काढण्याचा अधिकार प्राचार्यांना नाही. उद्या राजीनामा द्यायचा झालाच, तर तोही वर पाठवायचा. प्राचार्य तुमचे विद्यार्थी आहेत म्हणून संकोच वाटतो हे समजते. पण संस्थाप्रमुख म्हणून बोट दाखवले जाईल ते त्यांच्याकडेच. तुम्ही वेळेवर हटकलेत तर त्यांचाही बचाव होईल, हे चहाला बोलावून सांगायला हरकत नाही. पत्र मात्र आधी जाऊ द्या.

पोलीस ठाण्यात जाण्याने फारसे काही साधणार नाही. कलम २० चा गुन्हा दखलपात्र नाही, म्हणजे पोलीस स्वतःहून त्याचा तपास करू शकत नाहीत, आणि या कायद्याखालचा खटला कलम ३६ प्रमाणे तीन महिन्यांत दाखल करावा लागतो. खरा धाक केंद्रीय समितीचा आहे. कलम १८ खाली केंद्रीय समिती माणूस पाठवून प्राणिगृह आणि नोंदवह्या तपासू शकते. कलम १९ खाली संस्थेचे म्हणणे ऐकून प्रयोग ठरावीक काळ किंवा कायमचे बंद करू शकते. एम.फार्म.चे विद्यार्थी आणि कंपन्यांची कामे यांवर चालणाऱ्या विभागाला २०० रुपयांच्या दंडाचे काही वाटत नाही, पण तपासणीचे पत्र आले की सगळे जागे होतात. तुमच्या पत्राला पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर केंद्रीय मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्रालयातील या समितीच्या सदस्य-सचिवांना सविस्तर लिहा. पुढे तपासणी झाली की नाही हे माहिती अधिकारात विचारता येते. कॉलेज खासगी असले तरी अर्ज मंत्रालयाकडे करायचा आहे, त्यामुळे अडचण येत नाही.