टक्के कमी, नोकरी चालू, वय सदतीस. एलएलबी जमेल का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी डोंबिवलीला राहतो, वय 37, एका प्रायव्हेट बँकेत लोन रिकव्हरीच्या कागदपत्रांचं काम बघतो. बीकॉमला 47 टक्के आहेत, तेही एटीकेटी लागून लागून. कोर्टाच्या नोटिसा, ऑर्डरी रोज हातात असतात म्हणून एलएलबी करायची खूप इच्छा आहे, पण घराचा हप्ता चालू असल्याने नोकरी सोडता येत नाही. पार्ट टाइम लॉ कॉलेज कुठे आहे का? आणि एवढ्या कमी मार्कांवर कोण घेणार? ऑफिसातले एक जण म्हणतात की दुसऱ्या राज्यात एक कॉलेज आहे, तिथे फक्त परीक्षेला जायचं, हजेरीचं ते बघून घेतात. तसं करू का?

उत्तर : आधी मार्कांचं बोलूया कारण तुम्ही उगाच त्याचंच ओझं घेऊन बसलाय. तीन वर्षांच्या एलएलबीला बार कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची, अट ओपनला ग्रॅज्युएशनला 45 टक्के, ओबीसीला 42 आणि एससी-एसटीला 40 अशी आहे. तुम्हाला 47 आहेत म्हणजे तुम्ही पात्र आहात, विषय संपला. महाराष्ट्रात 2016 पासून लॉची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहे आणि मेरिट लागतं ते सीईटीच्या स्कोअरवर. तुमच्या शेजारी 78 टक्केवाला बसलेला असला तरी त्या दोन तासांत तो आणि तुम्ही एका रेषेवर असता, आणि पंधरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं इंग्रजी आणि चालू घडामोडी बऱ्याचदा नुकत्याच पास झालेल्या पोरांपेक्षा चांगल्या असतात हे मी खूप जणांच्या बाबतीत बघितलंय. लीगल ॲप्टिट्यूड, जनरल नॉलेज, लॉजिकल रीझनिंग आणि इंग्रजी असे चार भाग असतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. वयाचीही काळजी करू नका, इथे तीन वर्षांच्या कोर्सला वयाची मर्यादा नाही.

एटीकेटीचं म्हणाल तर तिचा त्रास फक्त कागदांपुरता. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, नापास झालेल्या वेळच्यासुद्धा, आत्ताच शोधून एका फाइलला लावा. ज्यांच्या मार्कशीटवर टक्क्यांऐवजी सीजीपीए आहे त्यांनी विद्यापीठाकडून कन्व्हर्जनचा दाखला आधीच काढून ठेवावा, ॲडमिशनच्या आठवड्यात तो मिळता मिळत नाही.

आता खरा प्रश्न वेळेचा आहे आणि तिथे मी तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. पार्ट टाइम एलएलबी असा प्रकार आता नाहीये. जुने वकील सांगतात ना, दिवसा नोकरी करून रात्रीच्या कॉलेजात शिकलो म्हणून, ते दिवस गेले. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे लेक्चर्स सकाळी 8 ते संध्याकाळी 7 च्या मध्येच व्हायला हवीत आणि प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते. पत्राने किंवा ऑनलाइन केलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. मग नोकरीवाले करतात काय, तर सकाळच्या बॅचचं कॉलेज धरतात. चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, 1855 सालचं, सकाळच्या लेक्चर्ससाठी प्रसिद्ध आहे, पण तिथला कटऑफ खूप वर जातो त्यामुळे फक्त त्याच्यावर विसंबून राहू नका. कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी ठाणे, कल्याणपासून फोर्टपर्यंतच्या प्रत्येक कॉलेजात स्वतः जाऊन यंदाचं टाइमटेबल बघा, वेबसाइटवर असतं ते जुनं असू शकतं. आणि गेटवर उभं राहून दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा की लेक्चर खरोखर किती वाजता सुरू होतं, तेवढ्या पाच मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

सीईटीच्या अभ्यासाला लागायच्या आधी ऑफिसात बोला. बार कौन्सिलने सप्टेंबर 2024 मध्ये परिपत्रक काढलंय, त्यानुसार एलएलबी चालू असताना नोकरी करत असाल तर ते जाहीर करावं लागतं आणि मालकाची एनओसी लागते. एचआरला मोघम "मला शिकायचंय" असं लिहू नका. असं लिहा की कॉलेज सकाळी अमुक ते अमुक आहे, मी साडेअकराला टेबलवर असेन आणि साडेसातपर्यंत थांबेन, परीक्षेच्या दिवसांत माझ्या खात्यावरची अर्न्ड लीव्ह वापरेन, आणि या शिक्षणाचा उपयोग रिकव्हरीच्याच कामात होईल. मॅनेजरला होय म्हणायला सोपं जाईल असा अर्ज करा. ब्रँचला जमत नसेल तर बॅक ऑफिसला शिफ्टमध्ये बदली मिळते का ते विचारा. आणखी एक गोष्ट जी कोणी आधी सांगत नाही, तीन वर्षांत मिळून किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप असते, सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त एका वर्षात करता येत नाही, म्हणजे दरवर्षी साधारण महिनाभराची सुट्टी त्यासाठी बाजूला ठेवावी लागेल. गणपती आणि गावची जत्रा यात सगळी रजा संपवणाऱ्यांचं इथेच गाडं अडतं, म्हणून घरीही आत्ताच बोलून घ्या.

ऑफिसातले ते गृहस्थ सांगतात ते अजिबात करू नका, हात जोडून सांगते. तीन वर्षांची फी भराल, डिग्रीही हातात पडेल, पण सनद घेताना कागद तपासले जातात आणि जो माणूस ज्या दिवशी मुंबईत ऑफिसला हजर होता त्याच दिवशी शेकडो मैल लांब कॉलेजातही हजर दिसतो त्याची सनद धोक्यात येते, नोकरीवरही गदा येऊ शकते.

सनदेचं निघालंच आहे तर हेही ऐका. पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिली दोन्ही एकत्र चालत नाही, हा बार कौन्सिलचा नियम 49. बँकेत राहूनच लॉ ऑफिसरच्या कामाकडे जायचं असेल तर डिग्री उपयोगी पडेल. कोर्टात उभं राहायचं असेल तर एक दिवस नोकरी सोडावी लागणार, तो हप्त्याचा हिशेब आजच मांडून बघा. सनदेची फी मात्र आता आवाक्यात आहे, सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये ओपनला 750 आणि एससी-एसटीला 125 रुपयांच्या वर घ्यायला मनाई केली. शिवाय वकिली करायला ऑल इंडिया बार एक्झामिनेशन ही परीक्षा पास व्हावी लागते.

आणि पुस्तकं सेकंडहँड घ्याल तर जपून, 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्टही बदललेत, त्या जुन्या नोट्स कोणी फुकट दिल्या तरी नकोत. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट मात्र 1872 चाच आहे, त्याचा बेअर ॲक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याच्या कलमांचं पुस्तक, आणून लोकलमध्ये रोज दोन कलमं वाचायला लागा.

प्रश्न : मॅडम, मी सांगलीची, ओपन कॅटेगरी, बीएला 43 टक्के. नोकरी करते. दोन टक्क्यांनी अडकलेय, काही मार्ग आहे का?

उत्तर : सीईटीत कितीही चांगला स्कोअर आला तरी 45 ची अट सुटत नाही त्यामुळे या वर्षी फॉर्म भरून पैसे घालवू नका. तुमच्या विद्यापीठात क्लास इम्प्रूव्हमेंटची, म्हणजे पुन्हा परीक्षा देऊन टक्के वाढवायची, सोय आहे का ते परीक्षा विभागात जाऊन विचारा, काही ठिकाणी पास झाल्यावर ठरावीक वर्षांतच ती मिळते. नसेल तर नोकरी सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नव्याने पदवी करा आणि ती चांगल्या मार्कांनी करा. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, फक्त त्याआधी रीतसर दहावी-बारावी झालेली हवी. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना मात्र एलएलबीला घेत नाहीत, तुमच्या ओळखीत तसं कोणी असेल तर त्यांनाही हे आत्ताच सांगा. तुमची बारावी रीतसर झालेली असेल तर तुम्हाला ती अडचण नाही. तीन वर्षं जातील हे खरंय, पण त्यानंतर लॉ कॉलेजला वयाचं कारण कोणी पुढे करणार नाही.