सागरसफर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मुलगी कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतातील मॉन्क्टनला राहते. येत्या जुलैत आम्ही पतीपत्नी तिच्याकडे जाणार आहोत. फंडीच्या उपसागरात मार्गदर्शकासोबत कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीतून, फिरून यावे, असा तिचा आग्रह आहे. आमची साठी जवळ आली आहे. यजमानांना चांगले पोहता येते, मला जेमतेमच. तेथील भरती जगात सर्वांत मोठी असते, असे वाचल्यापासून मन कचरते आहे. आम्ही जावे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : जरूर जावे. मात्र सहल ठरवताना तिचे दर आणि आपली सोय पाहण्याआधी त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक पाहावे.

आपण जे वाचले ते खरेच आहे. या उपसागराच्या टोकाला, मिनास बेसिनमधील बर्नकोट हेडजवळ, भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो. मुंबईत मोठ्या उधाणालाही तो पाच मीटरच्या आसपास असतो. झोपाळा परत येताच त्याला पुन्हा हात लावला की झोका वाढत जातो, तसेच येथे घडते. चंद्रामुळे येणारी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, आणि या उपसागरातील पाण्याचे स्वतःचे हेलकावेही जवळपास तेवढ्याच अवधीचे असल्याने प्रत्येक भरतीगणिक त्यांना बळ मिळत राहते.

ही भरती भिंतीसारखी अंगावर येत नाही, सहा तासांत चढत जाते. पण ती सारख्या गतीने चढत नाही, हे कयाकमध्ये बसणाऱ्याने ध्यानात ठेवावे. एकूण चढाचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक भाग पाणी चढते, असा दर्यावर्दींचा ठोकताळा आहे. फरक १२ मीटरचा असेल, तर मधल्या दोन तासांत पाणी मिनिटाला पाच सेंटिमीटर चढते किंवा उतरते, आणि चिंचोळ्या जागी ओढ सर्वाधिक असते ती याच वेळी. म्हणूनच मॉन्क्टनहून पाऊण तासावर असलेल्या होपवेल रॉक्स येथील सहली भरती पूर्ण होण्याच्या आगेमागे, पाणी जवळपास स्थिर असताना काढतात. नवख्यांसाठी ती जागा आणि ती वेळ दोन्ही योग्य आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शक्य असल्यास त्याच दिवशी ओहोटीला तेथे पायी फिरून घ्यावे. मी तसे केले होते. सकाळी तांबूस खडकांच्या सुळक्यांमधून ओल्या रेतीवर चालताना माझ्या डोक्याच्या कितीतरी वर तपकिरी शेवाळाच्या जुड्या लोंबत होत्या आणि त्यांतून पाणी ठिबकत होते. दुपारी त्याच कमानीतून कयाक नेताना वल्ह्याचे पाते त्याच शेवाळाला लागले. आमच्या मार्गदर्शक बाईंनी निघतानाच एक कपार दाखवून सांगितले होते, की पाण्यालगत तिच्यावर ओली काळी पट्टी दिसू लागली म्हणजे ओहोट लागला, आणि मग कोणाचे छायाचित्र राहिले असले तरी परत फिरायचे. पट्टी चार बोटे झाली आणि आम्ही परत फिरलो. मार्गदर्शक सोबत हवा तो अशा नजरेसाठी.

आता पोहण्याविषयी. लाइफजॅकेट घट्ट बांधलेले असताना पोहण्यातील प्राविण्यापेक्षा पाण्याच्या गारठ्याची चिंता अधिक करावी. उपसागराच्या मुखाकडे ऐन उन्हाळ्यातही पाणी साधारण १० ते १२ अंश असते; एवढ्या थंड पाण्यात एकदम पडल्यावर श्वास अडकतो आणि माणूस घाबरून हातपाय झाडू लागतो. अशा वेळी जॅकेटच्या भरवशावर तरंगत राहून आधी श्वास आवरावा. वेटसूट, म्हणजे गार पाण्यात ऊब टिकवणारा पोशाख, मिळतो का, कयाक उलटल्यास बाहेर कसे पडायचे हे किनाऱ्यावरच शिकवतात का आणि धुके दाटल्यास सहल रद्द करतात का, हे मुलीला आधी विचारायला सांगावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर दुसरी सहल शोधावी. दोघांची कयाक घ्या. तिचे सुकाणू बहुधा मागे बसणाऱ्याच्या पायाशी असते, तेव्हा यजमानांना मागे बसवावे. कड्याच्या अगदी खाली रेंगाळू नये. तेथील खडक ठिसूळ आहे. ‘एलिफंट रॉक’ नावाच्या प्रसिद्ध सुळक्याचा मोठा भाग मार्च २०१६ मध्ये कोसळला.

प्रश्न : आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. हे गणित फंडीत चालेल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता भरती, हा हिशेब आपल्या किनाऱ्यापुरता बसवलेला आहे. किनाऱ्याची ठेवण बदलली की चंद्र माथ्यावर येणे आणि भरती पूर्ण होणे यांतील अंतर बदलते, शिवाय कॅनडात उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे असतात; त्यामुळे वेळेसाठी कॅनडाच्या जलसर्वेक्षण विभागाचे कोष्टकच पाहावे. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे मात्र तेथेही खरे आहे. उधाणाची मोठी आणि भांगाची लहान भरती तेथेही असते, पण फंडीत पौर्णिमा-अमावास्येइतकाच परिणाम चंद्र पृथ्वीच्या जवळ येण्याचाही होतो. चंद्र जवळ असताना अमावास्या किंवा पौर्णिमा आली, तर त्या सुमारास कयाक नेण्यापेक्षा कड्यावरून भरती पाहणे मी पसंत करीन.