कोणत्या चार्टचं ऐकायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. बारामतीत माझं औषधांचं दुकान आहे. दोन वर्षांपासून इंट्राडे (घेतलेला शेअर त्याच दिवशी विकणं) करतो. गेल्या महिन्यात 5 मिनिटांच्या चार्टवर (दर 5 मिनिटांची भावाची हालचाल दाखवणाऱ्या) ब्रेकआऊट दिसला, म्हणजे भाव अडलेली पातळी ओलांडून वर गेला, म्हणून एका बँकेचे 600 शेअर 640 ला घेतले. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकायचा भाव, 636 चा होता. भाव खाली यायला लागल्यावर तासाचा चार्ट उघडला, तोही खालीच चालला होता. मग डेली, म्हणजे रोजचा चार्ट, पाहिला. तिथे 625 ला चांगला सपोर्ट (घसरण थांबते ती पातळी) दिसला, म्हणून स्टॉपलॉस काढला आणि सौदा डिलिव्हरीत बदलला, म्हणजे शेअर त्या दिवशी न विकता ठेवले. तिसऱ्या दिवशी 621 ला विकावं लागलं. तीन चार्ट तीन गोष्टी सांगतात, तेव्हा कोणाचं ऐकायचं?
— एक वाचक, बारामती

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तिन्ही चार्ट तुम्ही पाहिले, पण त्यातले दोन चार्ट शेअर घेतल्यानंतर पाहिले. 5 मिनिटांच्या चार्टने ‘बाहेर पड’ म्हटल्यावर तुम्ही ‘थांब’ म्हणणारा चार्ट शोधत निघालात, आणि डेलीवर तो सापडला. असा चार्ट नेहमी सापडतो. डेलीवर नसता तर विकलीवर असता, तिथेही नसता तर मंथलीवर. माझ्या 2011 च्या वहीत असाच एक सौदा आहे. सकाळी दिवसभरासाठी घेतलेला शेअर मी 16 महिने सांभाळला आणि घेतल्या भावाच्या निम्म्याला विकला. त्यानंतर मी वहीत प्रत्येक सौद्यापुढे, घेण्याआधी, कुठल्या चार्टवर घेतला आणि कुठल्या चार्टवर सोडणार हे लिहायला लागले.

आता हिशेब मांडू. 636 चा स्टॉपलॉस म्हणजे शेअरमागे 4 रुपये, 600 शेअरवर 2,400 रुपये. एवढं नुकसान तुम्ही मनाशी मान्य केलं होतं. प्रत्यक्षात गेले 19 गुणिले 600, म्हणजे 11,400. डेलीच्या सपोर्टवर विसंबून सौदा करायला हरकत नव्हती. पण मग स्टॉपलॉस 624 ला आला असता, शेअरमागे 16 रुपये, आणि त्याच 2,400 रुपयांत 150 शेअर बसले असते. चार्ट मोठा, म्हणजे जास्त वेळेचा, झाला की स्टॉपलॉस लांब जातो, म्हणून शेअर कमी घ्यायचे. तुम्ही चार्ट बदललात आणि संख्या 600 च ठेवलीत. सगळं नुकसान तिथे झालं.

कोणाचं ऐकायचं, तर प्रत्येक चार्टला एकच काम द्या. मोठा चार्ट दिशा सांगेल : घ्यायचं, विकायचं की आज हातच लावायचा नाही. मधला चार्ट जागा (कुठल्या भावाला) दाखवेल आणि लहान चार्ट वेळ. आमच्याकडे सांगलीच्या बाजूला मृगाची एक सर आली म्हणून कोणी पेरत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरली की मग पाभर बाहेर निघते. तुमचा 5 मिनिटांचा ब्रेकआऊट ही ती एक सर होती.

तासाचा चार्ट मात्र सोडा, असं मी आग्रहाने सांगेन. आपला बाजार 9:15 ते 3:30, म्हणजे 375 मिनिटं चालतो. तासाच्या सहा कॅन्डल (एक कॅन्डल म्हणजे तेवढ्या वेळातल्या भावाची एक पट्टी) 3:15 ला संपतात आणि सातवी जेमतेम पंधरा मिनिटांची उरते. तिची तुलना बाकीच्यांशी कशी करणार? 75 मिनिटांचा चार्ट लावा. दिवसाच्या नेमक्या पाच कॅन्डल होतात. त्यातल्या प्रत्येकीत 15 मिनिटांच्या पाच, आणि आठवड्यात दिवस पाच. एका चार्टवरून दुसऱ्यावर जाताना साधारण पाचपटीचं अंतर ठेवावं, ही ट्रेडिंगवर पुस्तकं लिहिणारे अलेक्झांडर एल्डर यांची 1980 च्या दशकातली मांडणी. आपल्या बाजाराच्या वेळेत ती अगदी चपखल बसते. डेली, 75 आणि 15, एवढे तीन पुरे. चौथा उघडलात तर तुम्ही पुन्हा मनासारखं उत्तर शोधताय असं समजा.

तुमच्या दुकानालाही हे सोयीचं आहे. 75 मिनिटांच्या कॅन्डल 10:30, 11:45, 1:00, 2:15 आणि 3:30 ला बंद होतात. तेवढ्या वेळी मोबाइल बघा, मधल्या वेळात गिऱ्हाइकांकडे. स्टॉपलॉसची ऑर्डर मात्र घेतल्या क्षणी लावलेली हवी. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने जुलै 2024 मध्ये इंट्राडेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2022-23 मध्ये रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या, आणि तोट्यातल्यांचे सौदे नफ्यातल्यांपेक्षा जास्त होते. तुम्ही दिवसाला किती करता ते पत्रात लिहिलेलं नाही. मोजून मला कळवा.

मोठा चार्ट धरून बसणं सोपं नसतं, हेही सांगते. 4 जून 2024, लोकसभेच्या निकालाचा दिवस. माझ्याकडे निफ्टीच्या ईटीएफचे (निफ्टीसोबत वरखाली होणाऱ्या फंडाचे) युनिट होते आणि वहीत नियम होता : शुक्रवारचा बंद 21,750 च्या खाली, म्हणजे एप्रिलमधल्या नीचांकाच्या जरा खाली आला, तर विकायचं. आदल्या दिवशी निफ्टी 23,263 वर बंद झाला होता. मंगळवारी तो 21,281 पर्यंत घसरला. माझी पातळी केव्हाच तुटली होती, घरातले ‘विकून टाक’ म्हणत होते आणि माझे हात गार पडले होते. पण नियम शुक्रवारचा होता आणि वार मंगळवार होता. त्या दिवशी बंद झाला 21,884 वर, शुक्रवारी 7 जूनला 23,290 वर. विकलीवर ती सगळी पडझड आज कॅन्डलची एक लांब शेपटी म्हणून दिसते. शुक्रवारचा बंद 21,600 आला असता तर मी सोमवारी विकलं असतं, तेही तितक्याच शांतपणे. आणि त्याच मंगळवारी 15 मिनिटांच्या चार्टवर स्टॉपलॉस लागून जे बाहेर पडले, तेही त्यांच्या जागी बरोबरच होते.

प्रश्न : विकली चार्टवर बुधवारी मोठी हिरवी (भाव वाढल्याची) कॅन्डल होती म्हणून शेअर घेतला. शुक्रवारी तीच कॅन्डल लाल (भाव घसरल्याची) झाली. चार्ट चुकीचा होता का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चार्ट बरोबर होता, कॅन्डल अर्धी होती. विकलीची कॅन्डल शुक्रवारी 3:30 ला पूर्ण होते. बुधवारी दिसते ती फक्त तीन दिवसांची बेरीज, आणि उरलेल्या दोन दिवसांत तिचा रंग बदलू शकतो. शनिवारी-रविवारी बाजार बंद असताना विकली बघा, दिशा वहीत लिहा आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत तो चार्ट उघडूच नका. जुने चार्ट बघून सराव करत असाल तर आणखी सांभाळा : तिथे प्रत्येक कॅन्डल पूर्ण झालेलीच दिसते, त्यामुळे बुधवारी तुम्हाला काय दिसलं असतं ते कळत नाही. उजवीकडचा भाग कागदाने झाकून एकेक दिवस पुढे सरका.