वाचकांचे प्रश्न : सोसायटीचा ठराव आणि न्यू जर्सीची रांग

प्रश्न : आमचे घराणे गायकवाडांच्या फौजेबरोबर बडोद्यात आले आणि इथलेच झाले. माझा मुलगा 11 वर्षांपासून न्यू जर्सीत नोकरी करतो आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचा नंबर कधी लागेल, हे कोणीच सांगू शकत नाही. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत असा ठराव आला की, मकरपुरा औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या परप्रांतीयांना यापुढे एकही फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये नऊ जण राहतात, हे खरे आहे; टाकीचे पाणी सकाळी आठलाच संपते, हेही खरे आहे. सेक्रेटरी आता घरोघरी जाऊन सह्या घेत आहेत. अर्थतज्ज्ञ सांगतात की, बाहेरून येणाऱ्या माणसांमुळे देशाची भरभराट होते; निवडणुका मात्र बहुतेक वेळा त्यांना विरोध करणारे जिंकतात. यांत खरे कोण? आणि मी सही करावी का?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात, फक्त दोघांचा हिशेब वेगळ्या वहीत लिहिलेला असतो. 1980 साली क्युबाच्या मारिएल बंदरातून सुमारे 1,25,000 माणसे बोटींनी अमेरिकेत आली. त्यांतली बरीचशी मायामीत राहिली आणि त्या शहरातल्या कामगारांची संख्या काही महिन्यांत सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये तिथले आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा स्थानिकांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर जवळजवळ काहीच परिणाम झालेला दिसला नाही. या कार्ड यांना 2021 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी, जे स्वतः लहानपणी क्युबातून आलेले आहेत, शालेय शिक्षणही पूर्ण न झालेल्या पुरुषांचे आकडे वेगळे काढले आणि त्यांची मजुरी बरीच घसरली होती, असे मांडले. हा वाद अजून चालू आहे. मला त्यातून एवढेच दिसते की, शहराची बेरीज वाढली तरी ती कोणाच्या घरात पोहोचली, हा प्रश्न उरतोच, आणि ज्याच्या घरात ती पोहोचली नाही, तो मतदानाच्या दिवशी बोलतो. त्याला अडाणी किंवा द्वेष्टा म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते.

खरी अडचण पुढे आहे. सरकारांना मतेही हवी असतात आणि कामगारही, म्हणून ती तोंडाने नकार देतात आणि हाताने बोलावतात. 2016 च्या सार्वमतात ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा बाहेरच्यांचे येणे कमी होईल, ही त्यामागची एक मोठी आशा होती. प्रत्यक्षात 2023 च्या मध्यापर्यंतच्या वर्षात तिथे येणारे आणि तिथून जाणारे यांच्यातला फरक 9 लाखांच्या वर गेला. वृद्धांची शुश्रूषा करायला माणसे मिळत नव्हती, म्हणून 2022 मध्ये त्या कामासाठी व्हिसा खुला करण्यात आला. मार्च 2024 मध्ये याच सेविकांना नवरा-मुलांना बरोबर आणण्याची बंदी झाली आणि जुलै 2025 मध्ये परदेशातून नवी भरतीच थांबली. दुसऱ्याच्या आईला रोज अंघोळ घालणाऱ्या बाईने स्वतःचे मूल मात्र हजारो मैलांवर ठेवावे, असा हा नियम आहे, आणि तो मला क्रूर वाटतो.

आपल्या चिरंजीवांची स्थिती पगाराने बरी असली, तरी जातकुळी तीच आहे. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे 1,40,000 असतात आणि एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला साधारणपणे 7 टक्क्यांहून अधिक येत नाहीत. देश छोटा असो की भारताएवढा, मर्यादा एकच. मधल्या काळात नोकरी गेली, तर सहसा 60 दिवसांत दुसरी शोधावी लागते. भारतात जन्मून आईवडिलांबरोबर तिकडे गेलेले मूल रांग संपण्याआधी 21 वर्षांचे झाले, तर बहुतेक वेळा ते त्या रांगेतूनच गळते. अशा माणसाला मालकाशी पगाराची घासाघीस करण्याचे बळ कोठून येणार? त्याचा तोटा शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन माणसालाही होतो, कारण ज्याला सहज नोकरी सोडता येत नाही अशा सहकाऱ्याशी त्याला स्पर्धा करावी लागते. म्हणून बाहेरून आलेल्याला मालक बदलण्याचे स्वातंत्र्य देणे, हेच स्थानिक कामगाराचे पहिले संरक्षण आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता आपल्या तिसऱ्या मजल्याकडे वळू. एका फ्लॅटमध्ये नऊ जण हौसेने राहत नाहीत. अशा ठिकाणी पुष्कळदा करार ठेकेदाराच्या नावावर असतो, भाडे मजुरीतून कापले जाते आणि काम सुटले की खाटही सुटते. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये साबरकांठ्यातील एका बालिकेवरच्या अत्याचारानंतर उत्तर भारतीय मजुरांवर हल्ले झाले आणि हजारो लोक गुजरात सोडून गेले, तेव्हा कारखानदारांनाच त्यांना परत बोलवावे लागले होते. गुन्हा एकाचा होता. गाठोडी मात्र हजारोंना बांधावी लागली.

आपण लिहिता की आपले घराणे ‘इथलेच झाले’, आणि ते अगदी खरे आहे. 2018 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, तेव्हा येथे कोणालाही ते परक्या गावी भरल्यासारखे वाटले नाही. मात्र आपल्या पूर्वजांना या गावात खोली मागत हिंडावे लागले नाही, कारण ते सत्तेबरोबर आले होते. जो सत्तेशिवाय आला, त्याचे काय झाले, हेही याच गावाने पाहिले आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेले डॉ. आंबेडकर 1917 मध्ये संस्थानच्या नोकरीवर येथे रुजू झाले. दरबाराला त्यांची विद्वत्ता हवी होती, पण गावात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते कमाटी बागेत बसून राहिले. तिथे कारण जात होती, परप्रांत नव्हे. दोन्ही दुःखे एकाच मापाने मोजण्याची चूक मी करणार नाही. पण नोकरी दिली आणि छप्पर नाकारले की माणसाचे काय होते, हे समजायला बडोदेकरांना अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही.

तेव्हा सही करू नका. कायदा आपल्या वतीने हे काम करील, अशी आशाही ठेवू नका. देशात कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या अनुच्छेदात आहे, तरी 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा पोटनियम ग्राह्य धरला होता. नुसता नकारही पुरेसा नाही, कारण पाण्याची तक्रार खरी आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. एका फ्लॅटमध्ये किती माणसे राहू शकतात, याची मर्यादा सर्व फ्लॅटना सारखी लावणारा, पाण्याचा आकार माणशी घेणारा आणि भाडेकरार राहणाऱ्याच्याच नावावर असावा असे सांगणारा दुसरा ठराव आपण मांडा. त्यात प्रांताचा उल्लेख नसावा. आणि मसुदा लिहिण्यापूर्वी एकदा तिसऱ्या मजल्यावर जाऊन यावे. करार कोणाच्या नावावर आहे, महिन्याला भाड्यापोटी किती कापले जाते आणि ते कोणाच्या हातात जाते, एवढे त्या नऊ जणांना विचारून घ्यावे.