गिऱ्हाइकाचं मॅटर छापायला नाही म्हटलं तर तो भेदभाव होतो का?

तुम्ही लिहिलंय की वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एकाला दुसऱ्या समाजाला डिवचणारी ओळ हवी होती, तुम्ही नाही म्हणालात, आणि आता तो 'माझी जात बघून परत पाठवलं' असं गावभर सांगतोय. आमचा छपाईचा धंदा वडिलांपासूनचा आहे, त्यामुळे ही डोकेदुखी ओळखीची.

माझ्या मते तुम्ही चुकला नाहीत. पण मनाशी दोन गोष्टी तपासा. तीच ओळ तुमच्या मेव्हण्यानं आणली असती तर छापली असतीत का? आणि याच माणसानं साध्या 'हार्दिक शुभेच्छा' आणल्या असत्या तर काम घेतलं असतंत ना? पहिल्याला 'नाही' आणि दुसऱ्याला 'हो' असेल, तर तुमचा नकार मॅटरला आहे, माणसाला नाही.

बेलफास्टच्या एका बेकरीचा खटला याच मुद्द्यावर गाजला. २०१४ साली एकानं केकवर समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी ओळ मागितली, मालकांनी धर्माचं कारण देऊन ती नाकारली. खालच्या कोर्टांत बेकरी हरली. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात पाचही न्यायाधीशांनी निकाल फिरवला : ती ओळ कुणीही मागितली असती तरी बेकरीनं नाकारलीच असती. मला अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या बेकरीवालीची युक्ती जास्त आवडते. बायबलच्या आकाराचा केक करून देते म्हणाली, समलिंगी लोकांविरुद्धचा मजकूर मात्र मी लिहिणार नाही. आयसिंगची पिशवी देते, तुमचं तुम्ही लिहा! तिथंही भेदभाव झाला नाही असंच ठरलं.

आपल्याकडे मात्र जपून. जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला दुकानात मज्जाव करता येत नाही, हे घटनेच्या कलम १५(२) मध्येच आहे. शिवाय १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा. अस्पृश्यतेपोटी माल किंवा सेवा नाकारणं तर गुन्हा आहेच, पण इतरांना ज्या अटींवर देता त्याच अटींवर न देणं हाही गुन्हा. आणि तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल तर नकार अस्पृश्यतेपोटीच दिला असं कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. म्हणून त्यानं पाठवलेलं मॅटर डिलीट करू नका. आजच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवा : 'ही ओळ काढा, बाकी फ्लेक्स नेहमीच्या दरात, नेहमीच्या वेळेत देतो.' आणि पुढं कुणीही असली ओळ आणली, अगदी गावचा पुढारी का असेना, त्यालाही हेच उत्तर द्या. तिथं गळपटलात तर आजच्या नकाराला काही अर्थ उरणार नाही.

खरा भेदभाव मी आमच्याच दुकानात पाहिलाय. मी कॉलेजात असताना एक जोडपं लग्नाची पत्रिका छापायला आलं. मजकूर चार ओळींचा, त्यात वावगं काहीच नाही. अप्पांनी दोघांची आडनावं वाचली आणि म्हणाले, "मशीन बंद आहे." पार्टिशनच्या मागं ट्रेडल छपाई मशीनचा खडखडाट चालू होता. त्या मुलानं एकदा आवाजाच्या दिशेनं पाहिलं, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.